६.५ क्रीडमूर की ३०० विन मॅग? एल्कसाठी माझं मत

आधीच सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि बंदच राहायला हवी, हे सगळं अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं आहे. धाकटा भाऊ तिथे असतो, लायसन्स काढून एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जातो, नवीन रायफल घ्यायची म्हणून इंदूरला रोज फोन, कारण घरात आजोबांची रायफल साफ करत मीच वाढलोय. शेवटी दिवाळीआधी गेलोच आणि नेमबाजीच्या रेंजवर ६.५ क्रीडमूर आणि ३०० विन मॅग या दोन काडतुसांच्या रायफली चालवून बघितल्या.

३०० विन मॅग, म्हणजे ३०० विन्चेस्टर मॅग्नम, हे १९६३ चं काडतूस, १८० ग्रेनची (साधारण साडेअकरा ग्रॅमची) गोळी, ताकद जबरदस्त, पण खांद्याला बसणारा धक्का असा की पाचव्या बारानंतर भाऊ चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागला, गोळ्या सगळ्या खाली. ६.५ क्रीडमूर २००७ चं, धक्का जवळपास निम्मा, लांब बारीक गोळी वाऱ्याने कमी सरकते, १०० यार्डांवर त्याच्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या!

आता एल्क नर ३०० किलोचा, त्यामुळे क्रीडमूर ३०० यार्डांच्या आत, तेही खांद्यामागे फुप्फुसात बसत असेल तरच, त्यापुढे मॅग्नमच पाहिजे पण ती झेपणारा हात हवा. जखमी जनावर डोंगरात निघून गेलं तर त्याहून वाईट काही नाही, हे मी त्याला चारदा बजावलं.

त्याने क्रीडमूर घेतली. दुकानदाराने स्कोप (नेम धरायची दुर्बीण) धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू ढिलेच ठेवले होते, दुसऱ्या दिवशी झिरो, म्हणजे बसवलेला नेम, हलला, तेव्हा घेतल्यावर स्वतः टॉर्क रेंचने (ठराविक जोराने स्क्रू आवळायच्या पान्याने) तपासाच.