आधी वाचावं की आधी बघावं?

जुन्या, नावाजलेल्या विज्ञान कादंबऱ्यांकडे वळायचं ठरवलं की पहिली अडचण क्रमाची येते. कादंबरी समोर असते, तिच्यावरचा सिनेमाही समोर असतो. दोन्ही करायचंच आहे, मग आधी काय? पुस्तक थोर की सिनेमा थोर, हा वाद मी इथे घालणार नाही. दोघांनीही मला भरभरून दिलं आहे. पण क्रम चुकला तर दोघांपैकी एकाचं नुकसान होतं, आणि ते बहुतेक वेळा कुणाचं होतं हे मला जरा उशिरा कळलं.

सिनेमा आधी बघा म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. ‘ड्यून’च घ्या. फ्रँक हर्बर्टची १९६५ची ही कादंबरी पहिल्या पानापासून अनोळखी शब्दांचा मारा करते. घराणी, पंथ, पदव्या, वाळवंटातल्या लोकांचे स्वतःचे शब्द. शेवटी शब्दार्थांची यादी दिली आहे, पण दर दोन ओळींनी मागची पानं चाळत बसलं की गोष्टीत जीव रमत नाही. माझ्या एका मित्राने ती दोनदा पन्नासएक पानांवर सोडली होती. मग त्याने डेनी व्हिलनव्हचे २०२१ आणि २०२४चे दोन्ही भाग पाहिले आणि तिसऱ्या खेपेला कादंबरी आठ दिवसांत संपवली. कोण कुणाचं, कोण कुणाच्या जिवावर उठलंय, हे आधीच पक्कं झालं होतं, त्यामुळे वाचताना ठेच लागली नाही. डेव्हिड लिंचचा १९८४चा सिनेमा मात्र या कामाचा नाही. एवढी मोठी कादंबरी एकाच सिनेमात बसवली आहे, पात्रांच्या मनातले विचार कुजबुजत ऐकवले आहेत. ज्याने वाचलंय त्यालाच ते नीट लागतं.

दुसरं उदाहरण ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चं, आणि इथे मीही ठामपणे सांगेन की आधी बघाच. हे रूपांतर नेहमीच्या अर्थाने रूपांतर नाही. आर्थर सी. क्लार्क आणि स्टॅन्ली कुब्रिक यांनी कादंबरी आणि सिनेमा जोडीनेच घडवले, दोन्ही १९६८मध्ये आले. सिनेमात पहिली सुमारे २५ मिनिटं एकही संवाद नाही. आदिमानवांची टोळी, कोरडा माळ, आणि एका पहाटे समोर उभी असलेली काळी शिळा. ती काय करतेय हे कुणीही सांगत नाही. कादंबरीत क्लार्क ते सांगतात, अगदी नीट, शिक्षकाच्या मायेने. ती शिळा त्या प्राण्यांची परीक्षा घेतेय, त्यांच्या हातांना नवीन हालचाली शिकवतेय. आधी वाचलंत तर त्या २५ मिनिटांत तुम्ही उत्तर माहीत असलेलं कोडं बघत बसाल. आधी बघितलंत तर ते बुचकळ्यात पडणं तुमचं स्वतःचं असेल, आणि कादंबरी मग हवीहवीशी वाटेल. (जाता जाता: कादंबरीत यान शनीपर्यंत जातं, सिनेमात गुरूपर्यंतच. शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी उभी करता येईनात, म्हणून कुब्रिकने मुक्काम बदलला. पुढच्या कादंबरीत क्लार्कनेही गुरूच धरला.)

तर हे दोन अपवाद, आणि तेही वजनदार. तरीही माझा कौल आधी वाचण्याकडे का झुकला, ते सांगायचं तर ‘सोलारिस’कडे यावं लागतं.

स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची ही कादंबरी १९६१ची, आंद्रेई तारकोव्हस्कीचा सिनेमा १९७२चा. मी सिनेमा आधी पाहिला. पावणेतीन तासांचा, संथ, आणि मी त्यात पूर्ण बुडालो होतो. त्यात अंतराळस्थानकावरच्या वाचनालयाचा एक प्रसंग आहे. बिनखिडक्यांची गोल खोली, लाकडी कपाटं, भिंतीवर ब्रॉयगलची चित्रं. ठरलेल्या वेळी अर्धा मिनिट गुरुत्वाकर्षण जातं. झुंबराचे लोलक किणकिणतात, पेटत्या मेणबत्त्यांचा दिवा हवेत तरंगत जातो, आणि स्थानकावर आलेला क्रिस आणि त्याची मेलेली, पण तिथे पुन्हा प्रकटलेली बायको हारी एकमेकांना धरून हळूच जमिनीवरून वर उचलले जातात. आजही डोळे मिटले की मला तो प्रसंग दिसतो.

मग कादंबरी हातात घेतली. तिच्यातही ते वाचनालय आहे, पण तिथे क्रिस केल्विन वाचत बसतो. पानंच्या पानं. सोलारिस ग्रहावरच्या त्या जिवंत महासागराचा अभ्यास माणसांनी शंभरेक वर्षं कसा केला, कोणते तट पडले, कोणते सिद्धान्त आले नि बारगळले, महासागर स्वतःतून जे प्रचंड आकार उभे करतो त्यांना कोणती नावं दिली. गीझे नावाचा एक म्हातारा संशोधक आहे, कोरडा, शिस्तीचा, आयुष्यभर फक्त वर्गीकरण करणारा. अशाच एका आकाराचा स्फोट होतो आणि १०६ माणसं जातात, त्यात तोही जातो.

यातलं सिनेमात जवळजवळ काहीच नाही. आणि मी काय केलं? मी ती पानं भराभर उलटली. अगदी सगळी सोडली असंही नाही. नजर ओळींवरून नुसती घसरत गेली. हारी परत कधी येते, स्थानकावरचा दुसरा संशोधक स्नाउत काय म्हणतो, याची वाट बघत. माझ्या डोक्यात गोष्टीचा सांगाडा आधीच पक्का झाला होता, आणि त्यात न बसणारं प्रत्येक पान मला फालतू भरताड वाटत होतं. हे मी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. कोणती पानं महत्त्वाची, हे सिनेमाने माझ्यासाठी आधीच ठरवून टाकलं होतं.

त्याची शिक्षा शेवटच्या पानांवर मिळाली. केल्विन खाली महासागराच्या काठाशी उतरतो आणि एका लाटेपुढे हात धरतो. लाट हाताभोवती चढते, त्याचा आकार घेते, पण टेकत नाही. हात आणि लाट यांच्यात हवेचा पातळसा पदर राहतो. तो हात वर उचलतो, लाट बरोबर वर येते. काही वेळा असं होतं, मग महासागराचं कुतूहल सरतं, आणि कितीही वेळ हात धरून उभं राहिलं तरी लाट येत नाही. पहिल्या वाचनात मला हे छान वाटलं, बस तेवढंच. पुस्तक मिटून ठेवलं.

दोन वर्षांनी पुन्हा वाचलं, या वेळी वाचनालयातली पानं एकेक ओळ धरून, आणि तेव्हा ती लाट खरोखर कळली. तो खेळ काही नवा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांनी तो पाहिला होता, त्याची नोंद केली होती, त्याबद्दल ग्रंथ लिहिले होते. केल्विनला सगळं पाठ होतं. आणि तरीही तो त्या काठावर प्रत्यक्ष उभा राहतो तेव्हा शंभर वर्षांची ती सगळी पुस्तकं त्याच्या कामाची राहत नाहीत. ते दुःख पेलायला आधी ती पुस्तकं त्याच्याबरोबर वाचावी लागतात. मी ती चाळून टाकली होती.

पाहिलेला चेहरा वाचताना डोळ्यांपुढून जात नाही, ही तक्रार सगळेच करतात. मला तिचा फारसा त्रास होत नाही. चेहरे दहा-वीस पानांत धूसर होतात. पण सिनेमाने काय वगळलं, त्याची सावली पुस्तकभर पडून राहते. ही एकच गोष्ट माझ्यासाठी निर्णायक ठरली.

उलट क्रमाने काय होतं ते ‘फ्रँकेनस्टाइन’ने दाखवलं. मेरी शेलीची १८१८ची कादंबरी मी सिनेमाच्या बऱ्याच आधी वाचली होती. तिच्या मध्यावर तो निर्माण केलेला जीव स्वतः बोलू लागतो, कित्येक प्रकरणं बोलतो. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, भिंतीच्या फटीतून त्यांना बघतो, त्यांचं बोलणं ऐकत ऐकत एकेक शब्द जमा करतो. पुढे मिल्टन वाचतो. आणि मग आपल्या निर्मात्याला जाब विचारतो, असा की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. जेम्स व्हेलच्या १९३१च्या सिनेमात हाच जीव गुरगुरतो फक्त. वाचून गेल्यामुळे माझा विरस होईल असं वाटलं होतं. पण त्यात एक जागा आहे. छतावरची खिडकी उघडते, उजेड आत येतो, आणि त्या जिवाचं काम करणारा बोरिस कार्लोफ बसल्या जागेवरून हळूहळू उठतो आणि त्या उजेडाकडे दोन्ही हात वर करतो. त्या मुक्या हातांच्या मागे मला कादंबरीतला त्याचा सगळा आवाज ऐकू येत होता. सिनेमाने जे गाळलं ते मी सोबत घेऊन गेलो होतो, आणि त्याने सिनेमा मोठाच झाला. सिनेमा आधी पाहिलेल्या एका ओळखीच्या बाईंना मात्र कादंबरीतला तोच भाग लांबण वाटला. एवढा बोलतो कसा हा, असं त्या म्हणाल्या.

आधी वाचण्यात तोटा नाही असं नाही. वाचून गेलेला माणूस सुरुवातीला हिशेब तपासत बसतो. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’वरचा त्रुफोचा १९६६चा सिनेमा पाहताना मी अर्धा वेळ कादंबरीतल्या त्या यांत्रिक कुत्र्याची वाट बघत होतो, आणि तो आलाच नाही. दुसरीकडे, त्या सिनेमाची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली नाही, ती फक्त वाचून दाखवतात. पुस्तकं जाळणाऱ्या जगात अक्षरं दिसणार कशी? कादंबरी डोक्यात ताजी असल्यामुळे मला ते पहिल्याच मिनिटाला उमगलं आणि अंगावर काटा आला. तरी माझ्या अनुभवात दोहोंमध्ये महिना-दीड महिना जाऊ दिलेला बरा. तपशील पुसट होतात, गाभा राहतो, आणि सिनेमाला त्याच्या चालीने चालू देता येतं.

‘ब्लेड रनर’बद्दल फार विचार करू नका. फिलिप के. डिकची १९६८ची कादंबरी आणि रिडली स्कॉटचा १९८२चा सिनेमा इतके वेगळे आहेत की क्रमाने फारसा फरक पडत नाही. कादंबरीचा नायक डेकार्ड गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी पाळतो आणि खऱ्या जनावरासाठी झुरतो. सिनेमात त्या मेंढीचं नावही नाही. फक्त सिनेमाची २००७ची अंतिम आवृत्ती बघा. १९८२मध्ये चित्रगृहांत लागलेल्या आवृत्तीत नायकाचं निवेदन वरून घातलंय, ते रसभंग करतं.

‘सोलारिस’पासून सुरुवात करणार असाल तर एक सांगतो. १९७०चा इंग्रजी अनुवाद थेट पोलिशमधून झालेला नाही, तो फ्रेंच अनुवादावरून केला आहे. मूळ पोलिशमधून केलेला इंग्रजी अनुवाद २०११मध्ये आला. मिळाला तर तोच घ्या. जुन्यात नायिकेचं नाव रेया आहे, मूळ नाव हारे (सिनेमातली हारी). स्टीव्हन सोडरबर्गचा २००२चा सिनेमा मी वाईट म्हणणार नाही, पण तो प्रेमकथेपुरता आहे, महासागर त्यात आणखीच लांब गेला आहे. तो सगळ्यात शेवटी.

आणि ‘ड्यून’ला घाबरत असाल तर खुशाल आधी सिनेमा बघा, न वाचण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. फक्त नंतर वाचताना सिनेमात नसलेलं पान आलं की वेग कमी करा.

सध्या माझ्या टेबलावर स्ट्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ आहे, अर्धी झाली आहे. तिच्यावरचा तारकोव्हस्कीचा १९७९चा ‘स्टॉकर’ मी अजून पाहिलेला नाही. त्याची पटकथा त्याच दोघा भावांची आहे, त्यामुळे मोह खूप होतो. पण आधी ही संपवतो.