कॅनडातल्या माँक्टनमधलं एक केटरिंग: जेवण फक्कड, मेनूकार्ड नापास

आमच्या विद्यापीठातल्या अधिष्ठाता बाई निवृत्त झाल्या. आमच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेंच शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून त्या आयुष्यभर भांडल्या, तेव्हा निरोपाचं जेवण अकादियनच, म्हणजे इथल्या फ्रेंच भाषकांच्या पद्धतीचंच हवं हा माझा हट्ट. 'फ्रिको' झकास होतं: कोंबडीचा पातळ रस्सा, बटाटे, सॅव्हरी या सुगंधी पाल्याचा वास आणि वर मैद्याचे गोळे. मला थेट आईची वरणफळं आठवली. 'पुतीन रापे' म्हणजे किसलेल्या नि कुस्करलेल्या बटाट्याचा उकडलेला गोळा, आत खारवलेलं डुकराचं मांस. दिसायला राखाडी, अगदीच गरीब बिचारा. पण ब्राउन शुगर भुरभुरवली आणि मी दुसरा मागितला.

मेनूकार्ड मात्र निव्वळ इंग्रजीत! १९६३ साली फ्रेंच भाषकांसाठी उभं राहिलेलं विद्यापीठ, १९६९ पासून दोन्ही भाषा अधिकृत मानणारा प्रांत, आणि निरोप कुणाला, तर बाईंना. त्यांनी हसत पेन काढलं, कार्डाच्या पाठीमागे सगळे पदार्थ फ्रेंचमध्ये लिहिले आणि केटररच्या हातात दिले. तो कानापर्यंत लाल.

चार तारे. वाढपी दोनच येतात, जास्तीचे आधी सांगून ठेवा.