सीट हवी की डोक्यावरची जागा? साउथवेस्टची जुनी आणि नवी पद्धत

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तिथल्या तिथे एखादा विमानप्रवास बहुधा घडतोच. तिकीट साउथवेस्ट या विमानकंपनीचं असेल तर ओळखीतलं कुणीतरी अजूनही बजावतं, "तिथे सीट नंबर नसतो, बरोबर चोवीस तास आधी चेक-इन करा." हा सल्ला आता जुना झाला. २७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टमध्येही ठरलेली सीट मिळते. त्यामुळे पैसे कशावर घालायचे, हे नव्याने ठरवावं लागतं.

जुन्या पद्धतीत बोर्डिंग पासवर सीटऐवजी रांगेतली जागा असे: ए, बी, सी हे गट आणि प्रत्येकात १ ते ६० क्रमांक. गेटजवळच्या खांबांवर पाच-पाचचे आकडे लिहिलेले असत, तिथे आपापल्या क्रमाने उभं राहायचं. आत गेल्यावर जी सीट रिकामी दिसेल ती आपली. सी गटाच्या वाट्याला मधल्या सीटा उरत. ए १ ते १५ या जागा जास्त पैशांच्या. अर्लीबर्ड ही जादा पैशांची सोय घेतली की ३६ तास आधी क्रमांक आपोआप लागे, म्हणून चोवीसाव्या तासाच्या ठोक्याला चेक-इन करणाराही ती घेतलेल्यांच्या मागेच राही. सहा वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या कुटुंबाला ए आणि बी यांच्या मध्ये सोडत. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या आयांना ही पद्धत सोयीची होती, तर उशिरा चेक-इन झालेल्या वयस्क जोडप्याची ताटातूट ठरलेली. पर्स ठेवून शेजारची सीट अडवण्यावरून वाद होत, कारण सीट राखावी की नाही याबद्दल कंपनीचा नियमच नव्हता.

म्हणजे रांगेतला एकच क्रमांक दोन गोष्टी ठरवत असे: कुठे बसणार आणि बॅग डोक्यावरच्या कप्प्यात मावणार की नाही. नव्या पद्धतीत या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि तिकीट निवडताना नेमकं हेच ध्यानात ठेवायचं. सीट पक्की झाली म्हणून कप्प्यात जागा मिळेलच असं नाही.

आता बोर्डिंगचे १ ते ८ गट आहेत. पाय पसरायला जास्त जागा असलेल्या सीटांचे प्रवासी सर्वांत आधी चढतात, सर्वांत स्वस्त बेसिक भाड्याचे शेवटी. बेसिकमध्ये सीट निवडता येत नाही, ती चेक-इनच्या वेळी कंपनी देते. एकटा प्रवासी, पाठीवर एक सॅक, ती पुढच्या सीटखाली बसते: अशाने बेसिकच घ्यावं, वर एक पैसाही घालू नये. दोघं वयस्क असतील आणि शेजारी बसणं गरजेचं असेल तर बेसिकच्या वरचं 'चॉइस' भाडं घेऊन बुकिंग करतानाच दोन्ही सीटा निवडाव्यात. बेसिक घेऊन 'गेटवर विनंती करू' हा बेत भरलेल्या विमानात फसतो. सीट कुठलीही चालेल पण चाकांची बॅग वरच हवी असेल, तर सीटवर नव्हे, लवकर चढण्यावर खर्च करावा. प्रायॉरिटी बोर्डिंग निघण्याच्या २४ तास आधीपासून विकत मिळतं.

युनायटेड या दुसऱ्या अमेरिकी विमानकंपनीशी भाडं ताडून पाहत असाल तर तिथला क्रम निराळा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या वर्गात आधी खिडकीवाले, मग मधले, मग वाटेकडचे चढतात. शिवाय देशांतर्गत बेसिक इकॉनॉमीत सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. साउथवेस्टच्या बेसिकमध्ये वरची बॅगही चालते. वरवर स्वस्त दिसणारं युनायटेडचं तिकीट इथे महाग पडू शकतं.

खिडकीवाल्यांना आधी सोडण्यामागे कारण आहे. चढताना वेळ जातो तो वाटेत उभं राहून बॅग ठेवणाऱ्यांमुळे आणि आतल्या माणसासाठी उठावं लागणाऱ्यांमुळे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी विमानाच्या प्रतिकृतीत ७२ प्रवाशांवर प्रयोग केला. मागून पुढे या 'शहाण्या' वाटणाऱ्या क्रमाला ६ मिनिटं ११ सेकंद लागली, कसाही क्रम न लावता ४:४४ आणि खिडकीपासून सुरुवात केल्यावर ४:१३. मागचे सगळे एकदम सोडले की तेच एकमेकांची वाट अडवतात. साउथवेस्टची सीट नंबर नसलेली खुली आसनपद्धत इतकी वर्षं टिकली त्यामागे हाही हिशेब होता. पण जुलै २०२४ मध्ये बदल जाहीर करताना साउथवेस्टने सांगितलं की तिच्या ८० टक्के प्रवाशांना ठरलेली सीटच हवी आहे.

भारतात देशांतर्गत प्रवासाला सीट नंबर असतोच, प्रश्न फक्त निवडीच्या पैशांचा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकाशेजारी सीट द्यावी, असं डीजीसीए या विमानवाहतूक नियंत्रक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. त्यामुळे मुलांचं तिकीट वेगळं काढू नये. विमानापर्यंत बसने नेत असतील तर गटांचा क्रम बसमध्येच मोडतो. तिथे लवकर चढण्याचे पैसे वाया जातात.

कप्पे भरले की शेवटच्या गटांच्या बॅगा गेटवरच घेऊन विमानाच्या पोटात टाकतात. बॅग हातातून सोडण्याआधी औषधं, पासपोर्ट आणि पॉवर बँक काढून घ्या. सुटी लिथियम बॅटरी खालच्या सामानात चालत नाही, म्हणून या तीन गोष्टी पहिल्यापासून एका छोट्या पिशवीत वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.