इंजिनिअरिंग-सायन्स डबल डिग्री, मेलबर्न: चौथ्या वर्षातून लिहितेय

डबल डिग्री म्हणजे काय, पाच वर्षं, शेवटी दोन सर्टिफिकेटं, हे सगळ्यांना माहीत असतं, एजंट लोक तेवढंच सांगतात. म्हणून ते सोडते आणि थेट गुरुवारी दुपारी २ ते ५ या वेळेबद्दल लिहिते, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाहीये.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि फिजिक्स अशी बीई ऑनर्स-बीएससी करतेय. फेब्रुवारी २०२२ मध्ये आले, आता मार्च २०२५, म्हणजे चौथं वर्ष नुकतंच सुरू झालंय. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही, इथे बऱ्याच ठिकाणी हा कोर्स थोड्याफार फरकाने असाच आहे.

तर या सेमिस्टरला माझी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब गुरुवारी २ ते ५. आणि फिजिक्सची थर्ड इयर लॅब, तीपण गुरुवारी २ ते ५. लेक्चर क्लॅश झालं तर काही बिघडत नाही, रेकॉर्डिंग असतं, रात्री दीडच्या स्पीडला बघून होतं. लॅबचं रेकॉर्डिंग नसतं. दोन्ही लॅब हर्डल आहेत, म्हणजे लेखी परीक्षेत ९० पडले तरी लॅब बुडाली की विषय नापास. दोन्ही विषय वर्षातनं एकदाच, पहिल्याच सेमिस्टरला. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आत्ता नाही केलं तर फायनल इयर प्रोजेक्ट मिळत नाही, आणि फिजिक्सची लॅब पुढच्या वर्षी ढकलावी तर पुढच्या वर्षी गुरुवार अख्खा प्रोजेक्टचाच, तोही कंपल्सरी. म्हणजे कसंही फिरवलं तरी एक विषय बाहेर लटकतो आणि त्याच्यासाठी अख्खं सेमिस्टर जास्त.

इंजिनिअरिंगच्या ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, क्लॅश फिजिक्सच्या विषयामुळे आहे, सायन्सला विचारा. सायन्सला विचारलं तर म्हणाले तुमची मूळ फॅकल्टी इंजिनिअरिंग आहे, तिकडे विचारा. असे बारा दिवस, १९ मेल, प्रत्येक मेलला नवीन तिकीट नंबर आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी दोन्ही टाइमटेबलचे स्क्रीनशॉट जोडून, लाल चौकट करून पाठवले. शेवटचं उत्तर काय, तर कोर्सचा कालावधी एका सेमिस्टरने वाढवून घ्या, फी विषयाप्रमाणे असते त्यामुळे एकूण फीवर फारसा परिणाम होणार नाही.

फीवर नाही होणार, मान्य. बाकीचा हिशोब मी वहीत मांडला. खोलीचं भाडं आठवड्याला २३० डॉलर, २६ आठवड्यांचे ५,९८०. खाणं, ट्रेन, फोन मिळून आठवड्याला १२० तरी लागतातच, ते ३,१२०. व्हिसा मूळ तारखेला संपतो, तो वाढवायचा म्हणजे नवीन अर्ज, आणि स्टुडंट व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० वरनं एकदम १,६०० झालीये. हेल्थ कव्हरचे साडेतीनशे. बेरीज ११,०५०, डॉलर ५५ धरला तर सहा लाख रुपये. नोकरी सहा महिने उशिरा लागणार आणि लोनचं व्याज चालूच राहणार ते वेगळं. आमचं इचलकरंजीला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवीन तार भरून द्यायचं, दुकान आहे. एका लूमची मोटार भरून बाबांच्या हातात किती राहतात हे मी शाळेत असल्यापासून बघतेय, बिलं मीच लिहायचे. एका दुपारसाठी सहा लाख, हे मला त्यांना फोनवर सांगता आलं नाही. दोन वेळा फोन लावला आणि जेवलात का विचारून ठेवला.

ही डिग्री विकताना युनिव्हर्सिटी जे गणित दाखवते ते खरं आहे, तेही सांगते. नुसती बीई ऑनर्स चार वर्षांची, सेमिस्टरला चार विषय धरून ३२ विषय. नुसती बीएससी तीन वर्षांची, २४ विषय. वेगवेगळ्या केल्या तर ५६. जोडून केल्या तर ४०, कारण गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे मोजलं जातं. १६ विषय वाचतात, म्हणजे दोन वर्षं. मला एका विषयाला ५,९०० डॉलर पडतात, १६ ने गुणून बघा. याच गणितावर मी बाबांना पटवलं होतं, ते म्हणाले होते इलेक्ट्रिकल समजलं, पण एक वर्ष जास्त देऊन सायन्स कशाला. पण दोन फॅकल्ट्यांचे विषय एकत्र मोजायचे तर दोघांनी एका टेबलावर बसून टाइमटेबल लावायला पाहिजे, ते कोणी करत नाही. आपल्याकडे यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन फुलटाइम डिग्र्या करायला परवानगी दिली तेव्हा स्पष्ट अट घातली, की दोन्हींच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. तेव्हा मला वाटलं होतं ही काय लिहायची गोष्ट आहे. आता कळतंय की तीच खरी गोष्ट आहे.

३१ मार्चला आमची सेन्सस डेट, त्याच्या आत विषय काढला नाही तर फी लागू होते. आज २१ तारीख. आत्ता विचाराल तर माझं मत: ही डिग्री घेऊ नका, नुसतं इंजिनिअरिंग घ्या आणि चार वर्षांत घरी जा.

जून २०२५

वरचं सगळं मार्चमधलं आहे, एक अक्षर बदललेलं नाही. पण शेवटचं वाक्य मी आज लिहिणार नाही.

२५ मार्चला मी फिजिक्सच्या लॅबमध्ये विषय सोडते म्हणून सांगायला गेले होते. तिथे उपकरणं लावून देणारे, सांभाळणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, प्रोफेसर नाहीत, टेक्निकल स्टाफ. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी भिंतीवरचा लॅबचा तक्ता बघितला आणि म्हणाले शुक्रवारी सकाळी ९ ते १२ लॅब रिकामीच असते, मी ७ ला येतोच, विषयाच्या मॅडमना विचारतो. दुसऱ्या दिवशी होकार आला. माझ्यासारखीच अडकलेली अजून दोन मुलं निघाली, एक मलेशियाची आणि एक इथलीच. १९ मेलमध्ये जे झालं नाही ते भिंतीवरच्या एका तक्त्याकडे बघून झालं, आणि मला तिथेच रडायला आलं. शुक्रवार सकाळची सुपरमार्केटमधली शिफ्ट सोडावी लागली, सेमिस्टर चालू असताना आम्हाला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यातले चार तास गेले. चालेल. सहा लाखांपुढे ते काहीच नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे पूर्ण करतेय ते. दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये डायोडचं, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचं, समीकरण शिकवलं, त्यात थर्मल व्होल्टेज नावाचा एक आकडा येतो, साधारण २६ मिलिव्होल्ट. सरांनी सांगितलं रूम टेंपरेचरला २६ धरा. धरला. शंभर गणितं सोडवली, उत्तरं बरोबर आली, मार्क मिळाले. मग गेल्या वर्षी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समध्ये बोल्ट्झमनचा स्थिरांक आला, तापमानाने गुणल्यावर उष्णतेमुळे कणांना मिळणाऱ्या ऊर्जेचं माप मिळतं, हे आलं, आणि एका ट्युटोरियलला मी सहज ३०० केल्विन घालून इलेक्ट्रॉनच्या चार्जने भागलं तर २५.९ मिलिव्होल्ट. तोच आकडा! म्हणजे तो डायोडचा आकडाच नव्हता, खोलीच्या उष्णतेचा होता, वर्षभर मी तो नुसता पाठ करून वापरत होते. त्या रात्री झोप लागली नाही. नुसतं इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणी अजून २६ धरतात, त्यांचं काही अडत नाही, खरंच नाही. पण मला ते कळलं, आणि ते कळायला अख्खा एक विषय लागला, ५,९०० डॉलरचा. मी हिशोबी घरातली आहे, तरी सांगते, ते पैसे वसूल झाले.

उलटा त्रासही आहे. उणे एकच्या वर्गमुळाला, म्हणजे काल्पनिक संख्येला, इंजिनिअरिंगमध्ये 'जे' (j) हे अक्षर वापरतात, कारण 'आय' (i) हा करंटसाठी राखून ठेवलेला असतो. फिजिक्सवाले 'आय'च वापरतात. तेवढंच असतं तर चाललं असतं, पण लाट लिहिताना काळासमोरचं चिन्ह दोघांचं उलटं असतं, एकाकडे प्लस, एकाकडे मायनस. ऑप्टिक्सच्या असाइनमेंटमध्ये मी सुरुवात एका पद्धतीने केली आणि धातूचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) दुसऱ्या पुस्तकातनं घेतला, तर धातूत शिरलेला प्रकाश विरायच्या ऐवजी वाढत गेला. दोन दिवस चूक सापडेना. हे पहिल्या वर्षातच कोणीतरी एका कागदावर लिहून द्यायला पाहिजे. मी आता ज्युनिअर मुलांना देते.

यातली बाबांची गोष्ट सांगायची राहिली. या सेमिस्टरला सॉलिड स्टेट फिजिक्समध्ये तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर का वाढतो ते शिकले. तापलं की अणू जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपटून वाटेतनं ढळतात. तापमान एक डिग्री सेल्सियसने वाढलं की साधारण ०.३९ टक्के, म्हणजे २० वरनं १०० डिग्रीला गेलेलं वायंडिंग, मोटारीतलं तारेचं वेटोळं, जवळजवळ ३१ टक्के जास्त रेझिस्टन्स दाखवतं. हे फोनवर बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, मग, गरम मोटारीचं रीडिंग कधी धरायचं नसतं, गार होऊ द्यायची, हे तुला आठवीत असताना सांगितलं होतं. सांगितलं होतं. पण का ते दोघांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं अणू थरथरतात म्हणजे कसे, आणि आम्ही पाऊण तास बोललो, दुकानात गिऱ्हाईक आलं होतं ते थांबलं. सायन्स कशाला, हे त्यांनी त्यानंतर परत विचारलेलं नाही.

इंजिनिअरिंगबरोबर सायन्स कशाला, हे इथल्या लोकांना तर पटवावंच लागत नाही. सीएसआयआरओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी, त्यांचं वायफायमधलं काम ओसुलिव्हन यांच्या रेडिओ खगोलशास्त्रातनं आलं. स्फोट होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे क्षीण रेडिओ सिग्नल शोधायचा प्रयत्न केला, ते सापडले नाहीत, पण फुरियर ट्रान्सफॉर्मचा, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या लहरींत मोडून बघायच्या गणिताचा, तो अनुभव पुढे भिंतींवरनं परावर्तित होऊन गोंधळलेला वायरलेस सिग्नल सुधारायला कामी आला, १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. फुरियर मी दोन्हीकडे शिकलेय, सिग्नल्समध्ये आणि क्वांटममध्ये, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आपल्याच घरची वाटली.

नोकरीबद्दल सगळे विचारतात. बारा आठवड्यांचा इंडस्ट्रीचा अनुभव इंजिनिअरिंगच्या बाजूने लागतोच, मी सहा केलेत, एका सोलर इन्व्हर्टरच्या कंपनीत. तिथे मुलाखतीत बीएससीबद्दल एकही प्रश्न आला नाही. फक्त पगारासाठी एक वर्ष जास्त घालणार असाल तर मी सांगेन घालू नका. आणि आपल्याकडेच हे हवं असेल तर बिट्स पिलानीमध्ये एमएससी आणि बीई अशी पाच वर्षांची जोडी आहे, गोव्याच्या कॅम्पसलाही, खर्चाच्या मानाने ते आधी बघा, मी बारावीत असताना मला माहीत नव्हतं. आणि बघाल तिथे एक गोष्ट विचारा. रँकिंग, प्लेसमेंट सगळं नंतर. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या लॅबचं चालू टाइमटेबल मागा, दोन्ही विभागांचं, शेजारी शेजारी ठेवा.

नोव्हेंबर २०२५

रिझल्ट लागले होते जुलैमध्येच, लिहायचं राहिलं. फिजिक्स लॅबला ८७, म्हणजे एचडी (हाय डिस्टिंक्शन), इथली सगळ्यात वरची श्रेणी. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला ७४. शुक्रवारच्या त्या लॅबमध्ये तीनच मुलं असल्यामुळे उपकरणं पूर्ण वेळ आपल्या हातात राहायची, ७४ आणि ८७ मधला फरक त्याचाच आहे असं मला वाटतं. कोर्स वेळेत पूर्ण होतोय, व्हिसा वाढवावा लागणार नाही. जुलैपासून त्याची फी १,६०० वरनं २,००० झालीये, वहीतली बेरीज परत करून बघायची हिंमत झाली नाही.

काल २०२६ चं टाइमटेबल आलं. माझं सगळं बसतंय. तरी खाली जाऊन गुरुवार बघितला. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स २ ते ५, फिजिक्स लॅब २ ते ५, तस्संच. मी मे महिन्यात कोर्सच्या फीडबॅकमध्ये, त्यानंतर स्टुडंट प्रतिनिधीकडे आणि परत एकदा लेखी, असं तीन वेळा हे दिलं होतं. पण फिजिक्स लॅबच्या खाली आता दुसरी ओळ आहे: शुक्रवार, ९ ते १२, जागा ८. त्यातल्या तीन कालच भरलेल्या होत्या. लातूरचा एक मुलगा आमच्याकडे माझ्यासारखीच डबल डिग्री करतोय, पुढच्या वर्षी त्याला हे दोन्ही विषय आहेत, त्याला रात्री साडेअकराला फोन करून उठवलं आणि फोन चालू ठेवूनच नाव टाकायला लावलं. चौथी जागा त्याची.