ज्येष्ठांसाठीची गृहसुरक्षा तपासणी सेवा : काय मिळाले, काय राहिले

वयस्कर माणसांच्या घरातील धोके शोधून ते दुरुस्त करून देणारी एक सेवा आम्ही आई-वडिलांच्या घरासाठी घेतली. दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. आई काठी घेऊन चालते, वडील काठीशिवाय चालतात, पण रात्री लघवीसाठी त्यांना उठावे लागते. अशा सेवा आता निरनिराळ्या नावांनी मिळू लागल्या आहेत, त्यामुळे येथे नावापेक्षा कामाविषयी लिहिते, म्हणजे यांपैकी कोणतीही सेवा निवडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. माझा अभिप्राय आधीच सांगते : तपासणी उत्तम होती, बसवण्याचे काम चांगले होते, आणि काम झाल्यानंतरची चौकशी मात्र फारच अपुरी होती.

तपासणीसाठी प्रथम एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे सुरक्षितपणे करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञ) आल्या आणि दुरुस्ती करणारे कारागीर नंतर आले, हा क्रम मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. बाईंनी मोजपट्टी लगेच बाहेर काढली नाही. त्यांनी आई-वडिलांना नेहमीसारखे वावरायला सांगितले : पलंगावरून उठणे, बाथरूमपर्यंत जाणे, कमोडवर बसून उठणे, कपाटातून औषधे काढणे, दार उघडायला जाणे. त्या मागून चालत राहिल्या आणि आईचा हात वाटेत कुठे कुठे टेकतो याची नोंद करत गेल्या. खुर्चीची पाठ, वॉश बेसिनची कड, दाराची मूठ आणि टॉवेलची दांडी, एवढ्या ठिकाणी आई आधार शोधत होती, आणि यांपैकी एकही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेली नव्हती. आम्ही घरातली माणसे हे रोज पाहत होतो. तरी त्यात धोका आहे हे दिसण्यासाठी प्रशिक्षित नजर लागली. आधाराच्या दांड्या कुठे हव्यात हे त्या नोंदींवरूनच ठरले, ठरावीक आराखड्यावरून नाही.

त्या आमच्याशी न बोलता थेट आई-वडिलांशीच बोलत होत्या, हेही मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. “काका, रात्री उठता तेव्हा पाय आधी कशावर पडतो?” या एका प्रश्नातून पलंगाजवळच्या सैल सतरंजीचा विषय निघाला. वडिलांना ती सतरंजी प्रिय आहे आणि आम्ही ती काढायला सांगितली असती तर त्यांनी नक्की नकार दिला असता. बाईंनी ती पलंगापासून दूर, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर ठेवता येईल का, असे विचारले आणि वडिलांनी ती स्वतः उचलली. ज्याच्या घरात बदल करायचा त्याची संमती नसेल, तर बसवलेली सोय वापरली जात नाही आणि काढलेली वस्तू आठवड्याभरात जागेवर परत येते.

अशा सेवेवर खर्च करावा का, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. संस्थेत न राहता घरी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या पडण्याविषयीच्या संशोधनाचा एक मोठा आढावा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला असून, त्यानुसार घरातील धोके कमी करणाऱ्या उपायांमुळे पडण्याचे प्रमाण एकूण सुमारे २६ टक्क्यांनी घटते. आणि जे गेल्या वर्षभरात पडले आहेत, रुग्णालयात राहून आले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागते, त्यांच्यात ही घट सुमारे ३८ टक्के आहे. ज्यांना पडण्याचा असा विशेष धोका नाही, त्यांना मात्र या उपायांचा फारसा फायदा दिसत नाही. म्हणूनच साठी ओलांडली एवढ्याच कारणाने सर्वांना पूर्ण संच विकणाऱ्या सेवेवर मी विश्वास ठेवणार नाही.

सर्वाधिक काम बाथरूममध्ये निघाले आणि तेथेच या सेवेचा दर्जा कळला. दांडी किती उंचीवर असावी, किती जाड असावी आणि भिंतीपासून किती अंतरावर असावी, या तिन्ही गोष्टींना कारण आहे. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या २०१० च्या सुलभता-मानकांत आडव्या दांडीची उंची जमिनीपासून ८४० ते ९१५ मिलिमीटर, गोल दांडीचा बाहेरचा व्यास ३२ ते ५१ मिलिमीटर आणि भिंत व दांडी यांतील फट ३८ मिलिमीटर सांगितली आहे. फट याहून जास्त असेल तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकू शकतो आणि कमी असेल तर बोटे नीट वळत नाहीत. ही मापे मुख्यतः सार्वजनिक जागांसाठी आहेत. घरात ती आरंभबिंदू म्हणून घ्यावीत आणि वापरणाऱ्या माणसाच्या उंचीप्रमाणे बदलावीत, असे बाईंनी सांगितले आणि आईसाठी त्यांनी तसेच केले. कमोडशेजारची दांडी तिच्या कोपराची उंची पाहून ठरली. कमोडही तिच्यासाठी ठेंगणा होता. त्यावर उंची वाढवणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली बैठक बसवल्यावर तिला उठताना झोका घ्यावा लागत नाही.

कारागिरांचे काम मी जवळ उभी राहून पाहिले. त्यांनी आधी भिंत ठोकून ती भरीव आहे की पोकळ ठोकळ्यांची, हे तपासले आणि पोकळ भागात साध्या प्लगऐवजी रसायनाने घट्ट होणारे अँकर (भिंतीत रुतून दांडी धरून ठेवणारे खिळे) वापरले. टाइलमधील छिद्रांभोवती सिलिकॉन भरले, म्हणजे पाणी आत झिरपून अँकर सैल होऊ नये. दांडी बसल्यावर तिच्यावर पूर्ण वजन टाकून दाखवले; वर उल्लेखलेल्या मानकांत दांडीने सुमारे ११३ किलोंचा भार पेलला पाहिजे, अशी अट आहे. ड्रिल न करता हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्या बाजारात सहज मिळतात, पण पडताना धरण्यासाठी त्या कधीही वापरू नयेत, कारण त्यांची पकड नकळत सुटते आणि माणूस मात्र त्यांच्या भरवशावर झुकलेला असतो. याबाबत कारागिरांनी घेतलेली ठाम भूमिका मला आवडली.

बाथरूमचे दार आत उघडत होते. आत पडलेला माणूस दारालाच टेकून पडला तर बाहेरून दार उघडता येत नाही, आणि तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहणे हे वृद्धांसाठी स्वतंत्र संकट असते : दाबाखाली स्नायूंचा नाश होतो, शरीरातील पाणी कमी होते, कातडीला जखमा होतात. त्यामुळे दार बाहेर उघडेल असे फिरवून घेतले आणि बाहेरून नाण्याने उघडणारी कडी बसवली. माझ्या मते दांड्यांच्या खालोखाल हाच बदल सर्वांत मोलाचा आहे आणि बहुतेक याद्यांत तो सापडत नाही.

गरम पाण्याचाही विचार झाला. ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने ५ सेकंदांच्या आसपास गंभीर भाजू शकते, तर ४९ अंशांना त्यासाठी काही मिनिटे लागतात. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना याहूनही कमी वेळ मिळतो. टाकीतले पाणी मात्र फार कोमट ठेवले तर त्यात लिजिओनेला जातीचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढू शकतात. म्हणून टाकीचे तापमान न उतरवता नळाआधी गरम व थंड पाणी ठरावीक तापमान राहील असे मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला, हा योग्य निर्णय होता.

उजेडाच्या बाबतीत आमचा समज पार बदलला. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, हे कळल्यावर “दिवा तर आहे” या आमच्या म्हणण्याला काही अर्थ उरला नाही. पलंग ते बाथरूम या वाटेवर जमिनीलगत, हालचाल होताच लागणारे मंद दिवे बसवले. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पायरीहून वेगळ्या, ठळक रंगाची न घसरणारी पट्टी लावली आणि एकाच बाजूला असलेला कठडा दुसऱ्या बाजूलाही घेऊन तो शेवटच्या पायरीच्या पुढे थोडा वाढवला, कारण जिना संपला असे समजून माणूस हात सोडतो आणि नेमकी एक पायरी उरलेली असते.

स्वयंपाकघर, विजेच्या लोंबत्या वायरी, उंच फळ्यांवरच्या रोजच्या वस्तू, काठीचे झिजलेले रबर, ही कामे चटकन आणि व्यवस्थित झाली.

आता उणिवा. पहिली, धुराच्या अलार्मची. त्यांनी नेहमीचा, सुमारे ३,००० हर्ट्झचा कर्कश आवाज करणारा अलार्म बसवला. वयोमानाने सर्वांत आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. झोपलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला जागे करण्यासाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म अधिक परिणामकारक असतो. वडिलांचे ऐकणे कमी झाले आहे हे सेवेच्या अर्जात लिहिलेले असूनही हा विचार झाला नाही, आणि आम्ही सांगितल्यावरच तो बदलून मिळाला.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सगळे लक्ष भिंती आणि जमिनीवर राहिले. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी, उठून उभे राहताना चक्कर येते का याविषयी कोणी विचारले नाही. आईच्या चष्म्याविषयीही नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहताना पायरी अंधूक दिसते, हे जिन्याला पट्ट्या लावणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. त्यांनी औषधे बदलावीत असे मी म्हणत नाही, परंतु “हे डॉक्टरांना विचारा” एवढी ओळ अहवालात असायला हवी होती.

तिसरी उणीव म्हणजे पाठपुराव्याचा अभाव. काम संपल्यावर एक फोन आला, तोही समाधान विचारण्यापुरता. वृद्धांची क्षमता काही महिन्यांत बदलते, स्क्रू सैल होतात, पट्ट्यांच्या कडा सुटून त्यांचाच अडथळा होतो. पुन्हा भेट देण्याची तरतूद करारातच असावी.

ज्यांच्या घरी कोणी नुकतेच पडले आहे किंवा रुग्णालयातून घरी आले आहे, त्यांना ही सेवा घ्या असे मी निःशंकपणे सांगेन. आधी एवढेच विचारा : तपासणी कोण करणार, ती करताना घरातील ज्येष्ठ हजर असणार का, आणि दांडी बसवण्याआधी भिंत तपासणार का. फोटो पाठवा, आम्ही यादी देतो, असे उत्तर आले तर दुसरी सेवा शोधावी.