पावतीला कार्बन नव्हता

एकूण 780 डॉलर गेले. न्यूझीलंडचा डॉलर मला 52 रुपयांना पडला होता, म्हणजे 40,560 रुपये. तेही फुकटच्या मुक्कामापायी.

फेब्रुवारीत क्राइस्टचर्चहून 19 दिवसांसाठी कॅम्परव्हॅन घेतली. रोज हॉलिडे पार्कचे पैसे भरण्यापेक्षा मधूनमधून फ्रीडम कॅम्पिंग, म्हणजे सार्वजनिक जागी गाडीतच फुकट मुक्काम, करायचं ठरलं. त्यात बेकायदा काही नाही. गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट, सांडपाण्याची टाकी आणि काचेवर गाडी स्वयंपूर्ण असल्याचं हिरवं प्रमाणपत्र (वॉरंट) असलं की परवानगी असलेल्या जागी रात्र काढता येते. आमच्या गाडीला हे सगळं होतं. मी वाचून गेलो होतो, हे आधीच सांगतो. नाहीतर 'अभ्यास न करता जातात' म्हणणारे येतीलच.

पाचव्या रात्री एका तळ्याकाठी अशाच रीतसर जागेत होतो. सकाळी पावणेसातला दारावर टकटक. पिवळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. तुमच्याकडे तळ्यांचं परमिट नाही, म्हणाला. दंड 400. नोटीस भाड्याच्या कंपनीकडे गेली की ते वर आपली फी लावणार. आत्ता रोख भरलात तर 200, आणि पुढच्या चार रात्रींचं परमिट 120.

2023 मध्ये कायदा बदलल्यावर दंड 400 चा असू शकतो, हे मला माहीत होतं. कंपनीच्या फीचं कलम करारात होतं. निसर्ग खात्याच्या कॅम्पसाइटसाठी पास मिळतो, हेही खरं. तीन खऱ्यांत एक खोटं कालवलं होतं बेट्यानं. मी 320 डॉलर मोजून दिले.

मी 31 वर्षं बँकेत होतो, त्यातली 12 कॅश काउंटरवर. त्यानं पावती फाडली तेव्हा खालचं पान कोरं होतं. कार्बनच नव्हता. पावतीचा नंबर 7. ऐन सीझनमध्ये सातवी पावती! गाडीचा नंबर तर लिहिलाच नाही. हे सगळं मला दिसलं, आणि मी ती घडी घालून खिशात ठेवली. ही म्हणाली, "अहो, त्यानं टॉयलेट बघितलं नाही, वॉरंटकडेही बघितलं नाही." मी म्हटलं, "इथे माणसाच्या शब्दावर चालतं." हे वाक्य मला आता रोज ऐकावं लागतं.

खरा अधिकारी रोख घेत नाही, घासाघीस करत नाही. नोटीस देतो किंवा काचेला लावून जातो, भरायला 28 दिवस असतात.

हे मला कळलं ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी. 'येथे रात्री मुक्कामास मनाई' असा पुरुषभर उंचीचा बोर्ड वाचूनही मी त्याच्याच खाली गाडी लावली, कारण काचेला आतून ते परमिट चिकटवलेलं होतं! सकाळी वायपरखाली खरी नोटीस. 400. पुढे कंपनीची फी 60.

मग वाऱ्या सुरू. तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, काउंटरवरची बाई परमिट उलटसुलट बघून म्हणाली, हे आमचं नाही, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, गाडीचा नंबर? नाव? फोटो? अहो, झोपेतून उठलेला माणूस लुंगीवर फोटो काढतो का? कंपनी म्हणाली, करार वाचा. दंड माफ व्हावा म्हणून पावतीचा फोटो जोडून कौन्सिलला दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर तीन ओळींचं: बोर्ड स्पष्ट होता, दंड कायम. म्हणजे चोर मोकळा, आणि त्याच्या कागदावर विश्वास ठेवला म्हणून दंड मला. अशा टोपी घालणाऱ्याबद्दल तळ्यावर एक सूचना तरी लावा म्हटलं, तर 'आपला अभिप्राय नोंदवला आहे.'

प्रत्येक कौन्सिलचे नियम वेगळे असतात, तेव्हा ज्या गावात थांबणार तिथल्या कौन्सिलची साइट बघा, नाहीतर आय-साइटच्या माहिती केंद्रात विचारा. तिथे फुकट सांगतात. 'सगळ्या तळ्यांचं' म्हणून कोणी काही विकत असेल तर दार लावून घ्या. माणूस समोर असतानाच फोटो काढा आणि पोलिसांच्या 105 या नंबरवर कळवा. आणि बायको काही म्हणत असेल तर ऐका.

पोलिसांनी दिलेला तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. त्याला परवा बारा आठवडे झाले.