अझुराकास्ट: छोट्या रॉक स्टेशनसाठी पहिली पसंती

स्वतःचं इंटरनेट रेडिओ स्टेशन काढायचं तर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आधी वापरून पाहा. डॉकरवर (सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात चालवणारी प्रणाली) चालतं, प्रसारण श्रोत्यांपर्यंत पोचवणारं आइसकास्ट आणि गाणी जोडून प्रसारण तयार करणारं लिक्विडसोप सोबतच येतात. सर्व्हरला 2 जीबी रॅम लागतेच, 4 असेल तर निवांत. ऑटो डीजे, म्हणजे आपोआप गाणी निवडून लावणारी सोय, गुणी आहे: एकाच बँडची गाणी पाठोपाठ लागणं टाळतो.

अल्टरनेटिव्ह रॉकसाठी मात्र सेटिंग स्वतः बघावी लागते. ऐंशीच्या दशकातल्या अल्बमचा आवाज बारीक, नव्वदीच्या उत्तरार्धापासूनचा चढा. रिप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं तंत्र, लावलं नाही तर श्रोता कंटाळून निघून जातो. क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) लांब ठेवलात तर गाण्याच्या शेवटी रेंगाळणारा गिटारचा फीडबॅक, म्हणजे निम्मी मजा, गिळला जातो.

128 केबीपीएसवर (प्रत्येक श्रोत्याला सेकंदाला इतके किलोबिट) 100 श्रोते म्हणजे 12.8 एमबीपीएस अपलोड, हे धरूनच सर्व्हर घ्या.